वहिनीची वही

"ताई, 'ब्याड' म्हणजे काय हो? सकाळपासून आई एकच शब्द म्हणतायत."

वहिनीचा हा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. आपल्या सीमाभागातल्या कुठल्याही घरात हा प्रश्न हसण्यावारी गेला असता. 'ब्याड' म्हणजे नको, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळते. पण वहिनी विचारत होती बदनावरहून, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून. तिचा जन्म देवासचा, शिक्षण उज्जैनचे. घरात मराठी, दारात हिंदी, बाजारात माळवी. कानडीशी तिचा संबंध एवढाच, की तिची सासू म्हणजे माझी आत्या चिकोडी तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मली. माझे आजोबा तिथे शिक्षक होते. सोप्यात मराठी आणि अंगणात कानडी, अशा दोन भाषांत ती वाढली आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन थेट माळव्यात गेली.

आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी तिला डिमेन्शिया असल्याचे निदान झाले. आधी तिची हिंदी गेली. भाजीवाल्याशी पन्नास वर्षे ज्या भाषेत घासाघीस केली, ती भाषा तिला एके दिवशी परकी झाली. मग मराठी विरळ होत गेली. आणि खालून, जुन्या भिंतीचा रंग पोपडे निघाल्यावर दिसावा तशी, कानडी वर आली. या आजारात असे पुष्कळ जणांचे होते. नंतर शिकलेले आधी जाते, लहानपणीचे शेवटपर्यंत टिकते. आता ती संध्याकाळ झाली की पदर खोचून दाराशी उभी राहते आणि म्हणते, "मनिगि होगूणु नडी." चल, घरी जाऊ या. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर उभी राहून.

वहिनीने एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्याकडून विचारून घेतलेले कानडी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. नीर, ऊटा, जळका, साकु, ब्याड. मागच्या पानांवर हिशेब आहे. आजचा लेख त्या मागच्या पानांबद्दल आहे.

बदनावर आणि आपण

बदनावर म्हटले की आपल्याकडे कुणाला पटकन काही आठवणार नाही. इंदूरकडून रतलामकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. बैजनाथ महादेवाचे परमारकालीन मंदिर, काळी जमीन, सोयाबीन आणि गहू. अलीकडे वर्तमानपत्रांत नाव आले ते याच तालुक्यातल्या भैंसोला गावच्या वस्त्रोद्योग पार्कमुळे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली.

पण धार आणि देवास ही नावे आपल्याला परकी नाहीत. दोन्हीकडे पवारांची संस्थाने होती. देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव हे छत्रपती शाहू महाराजांचे जावई, आणि पुढे १९४७ मध्ये देवासचेच विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आले. त्यामुळे कोल्हापूर-बेळगावकडच्या मुली माळव्यात देण्याची वाट तशी जुनीच. आत्या त्याच वाटेने गेली.

आणि त्या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव तुम्हाला मी सांगायला नको. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. त्या अंथरुणावर पडून ऐकलेली माळव्याची लोकगीते आणि नंतरचे त्यांचे गाणे यावर आपण भरभरून लिहितो, बोलतो. त्या वर्षांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या, हे मात्र एका वाक्यात उरकतो. त्या १९६१ मध्ये गेल्या. शुश्रूषा करणारा माणूस गोष्टीत नेहमी असाच कडेला उभा असतो.

अरळु-मरळु

आपल्या दोन्ही भाषांनी या आजाराला नाव दिले ते थट्टेचे. मराठीत 'साठी बुद्धी नाठी' आणि 'म्हातारचळ', कानडीत 'अरुवत्तक्के अरळु-मरळु'. सगळ्यांचा सूर एकच, की वय झाले की असे व्हायचेच. आणि जे व्हायचेच, त्याला आजार कोण म्हणणार? डॉक्टरकडे कशाला न्यायचे? सरकारकडे काय मागायचे? आत्याच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी मिळून दीड वर्ष असेच घालवले. तिने आमटीत दोनदा मीठ घातले, आम्ही हसलो. तिने माझ्या वडिलांच्या निधनाची बातमी चार वेळा विचारली आणि चारही वेळा नव्याने रडली, तेव्हा हसणे थांबले.

जपानमध्येही या आजाराला जुना शब्द होता, त्यात वेडेपणाची छटा होती. तिथल्या सरकारने २००४ मध्ये तो शब्द अधिकृतपणे बदलला. शब्द बदलल्याने आजार बरा होत नाही हे खरे, पण निदान लोक दवाखान्याची पायरी चढतात.

आपल्याकडे हा आजार किती जणांना आहे, याचा बऱ्यापैकी विश्वसनीय आकडा २०२३ मध्ये आला. देशभर ज्येष्ठ नागरिकांची पाहणी करून काढलेला हा अंदाज सांगतो, की साठीपुढच्या दर शंभरांपैकी सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ही ८८ लाख माणसे राहतात कुठे? परदेशातल्यासारखी शुश्रूषागृहे आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी, तीही मोठ्या शहरांत आणि महागडी. म्हणजे ती घरी राहतात. आणि घरी म्हणजे कुणाच्या तरी जिवावर.

वहीतली मागची पाने

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून रेल्वेने इंदूर आणि तिथून बसने बदनावरला गेले. रात्री आत्या झोपल्यावर वहिनीने वही पुढे ठेवली. मी अर्थशास्त्र शिकवते म्हणून असेल. "बघा ताई, मी उधळते का ते सांगा. ह्यांना वाटतं मी उधळते."

दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईचे महिना सहा हजार. मोठ्या माणसांचे डायपर दोन हजार चारशे. औषधे अठराशे. तीन महिन्यांतून एकदा इंदूरला तपासणी, त्यासाठी गाडी करावी लागते, कारण आत्या बसमध्ये उठून उभी राहते आणि उतरायचे म्हणते. कुलपे, दाराला वरच्या बाजूला बसवलेली कडी, गॅसचा वेगळा नळ. दोनदा हरवली तेव्हाचा खर्च वेगळा. एकदा रिक्षावाल्याला दिलेले बक्षीस तीनशे रुपये. एका पानावर नुसते लिहिले आहे, 'आईंची बांगडी – सापडली नाही'.

मी म्हटले, "यात एक रकम नाही."

"कोणती?"

वहिनी एका खासगी शाळेत शिकवत होती. नऊ हजार पगार. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. तो नऊ हजारांचा आकडा वहीत कुठेच नव्हता. जो पैसा आलाच नाही, तो खर्चात कसा लिहायचा, असे तिचे म्हणणे. आमच्या विषयात यालाच संधी-खर्च म्हणतात आणि मी तो दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना शेतकऱ्याचे उदाहरण देऊन शिकवते. पुढच्या वर्षी उदाहरण बदलीन.

केंद्र सरकारनेच २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसते, की पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात आणि त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटे घालवतात. पुरुष एकवीस टक्क्यांच्या आसपास, आणि ७४ मिनिटे. वहिनीला हे सांगितले तेव्हा ती हसली. "एकशे चाळीस मिनिटं? ती तर आईंच्या आंघोळीलाच जातात."

काय मिळते, काय मिळत नाही

आता मुख्य प्रश्न. अशा घराला सरकार काय देते? मी आठ दिवस तेवढ्याच मागे होते.

पहिले म्हणजे आयुष्मान कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आत्याचे कार्ड काढले आहे. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर उपयोगी. डिमेन्शियाच्या माणसाला इस्पितळात दाखल करायचे कारण क्वचितच पडते. त्याला लागतो घरात चोवीस तास डोळा. त्या डोळ्याचे पैसे कुठल्याच कार्डावर मिळत नाहीत.

दुसरे निवृत्तिवेतन. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा साठीनंतर महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये. अपंगांसाठीच्या योजनेत ३०० रुपये, तेही ऐंशी टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असेल तरच. राज्ये त्यात आपली भर घालतात. आमच्या आत्याला यातले काहीच लागू नाही, कारण फुप्पाजी (माळव्यातल्या घरात फुवाला असेच म्हणतात) शिक्षक होते आणि त्यांचे कुटुंब-निवृत्तिवेतन तिला मिळते. ते मदतनीस बाई आणि औषधांतच संपते. गरीब म्हणावे तर नाही, आणि परवडते म्हणावे तर तेही नाही, अशा मधल्या घरांची संख्या आपल्या वाचकांतही मोठी असेल.

तिसरी गोष्ट म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आणि इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुष्कळ घरांना हे माहीतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व दिले आहे. त्या यादीत डिमेन्शिया हा शब्द शोधाल तर सापडणार नाही. पण 'मानसिक आजार' याची जी व्याख्या कायद्याच्या परिशिष्टात आहे, तिच्यात विचार, मनोवस्था यांच्याबरोबर दिशाभान आणि स्मृती यांचा गंभीर बिघाड स्पष्टपणे घेतला आहे. मोजमापासाठी जी सरकारी पट्टी आहे, तिच्यातही स्वतःची निगा, माणसांशी वागणूक, बोलणे-समजणे आणि कामकाज अशी चार अंगे पाहतात, शिवाय आजार किती वर्षांचा तेही पाहतात. चाळीस टक्के भरले की प्रमाणपत्र मिळते आणि युडीआयडी कार्ड देशभर चालते. म्हणजे दार आहे. फक्त दारावर पाटी दुसरी आहे.

वहिनी हे दार शोधत कशी हिंडली ते ऐकण्यासारखे आहे. एका ठिकाणी तिला सांगितले, "यह तो उमर का असर है." दुसऱ्या ठिकाणी खिडकीतल्या गृहस्थांनी आत्याला विचारले, "माताजी, चलके दिखाइए." आत्या चालून दाखवण्यात पटाईत, तिला चालायचेच असते. ती खिडकीपासून फाटकापर्यंत गेली आणि रस्त्यालाही लागली. वहिनी कागद टाकून मागे धावली. परत आली तेव्हा खिडकी बंद झाली होती. हात-पाय धड आहेत म्हणून अपंग नाही, आणि हात-पाय धड आहेत हीच तर सगळी पंचाईत.

प्रमाणपत्राचा एक फायदा नोकरदार घरांना करात होऊ शकतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-डीडीबी कलमाखाली ज्या आजारांच्या उपचारखर्चाची वजावट ठरवली गेली, त्यांत डिमेन्शियाचे नाव चक्क लिहिले होते. अट चाळीस टक्के अपंगत्वाची आणि मज्जातज्ज्ञाच्या चिठ्ठीची; मर्यादा ज्येष्ठांसाठी एक लाख. ८०-डीडी कलमाखाली अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी पंचाहत्तर हजार, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाख. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा अर्ज भरताना आपल्या कर सल्लागाराला नव्या कलमाचा आकडा विचारावा. मात्र कमी दरांची नवी करप्रणाली घेतली असेल तर या वजावटी मिळत नाहीत. आणि ज्याचे उत्पन्न कराइतकेही नाही, त्याला करसवलतीचा काय उपयोग? नोकरी सोडलेल्या वहिनीला तर शून्य.

कायद्यातले एक वाक्य

त्याच २०१६ च्या कायद्यात कलम २४ आहे. सरकारने दिव्यांगांसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना आखाव्यात, असे ते सांगते आणि योजनांच्या यादीत एक ओळ येते: जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता. मी ही ओळ तीनदा वाचली. म्हणजे आपल्या संसदेने आठ-दहा वर्षांपूर्वीच मान्य केले आहे, की सांभाळणाऱ्या माणसालाही पैसा लागतो. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत' असे शब्द आहेत. सरकारी भाषेत या शब्दांचा अर्थ काय होतो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

काही राज्यांनी ती मर्यादा थोडी सैल केली. केरळात २०१० पासून 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र शारीरिक-मानसिक अपंगत्व असलेल्या माणसाची घरी पूर्णवेळ सेवा करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये, असे तिचे स्वरूप. सहाशे रुपयांत काय येते? डायपरचे एक पाकीट. तरी त्या सहाशेवर नाव सांभाळणाऱ्याचे आहे, आजाऱ्याचे नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्या कर्नाटकातही २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांच्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना हजार रुपये जाहीर झाले. चार आजारांची नावे, त्यांत डिमेन्शियाचे नाही. याच कर्नाटकात बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या मदतीने मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले, ही जमेची बाजू. निदान होईल, निदानानंतर घरी काय, हे तेवढे राहिले. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये पंधराशेवरून अडीच हजार झाली, पण वार्षिक उत्पन्नाची अट दिव्यांगांसाठी पन्नास हजार. आणि पैसे आजाऱ्याच्या नावावर.

सीमाभागात आणखी एक गोम असते. कार्ड देशभर चालले तरी भत्ता राज्याचा असतो. आई निपाणीला, मुलगा गडहिंग्लजला, रेशनकार्ड एकीकडे आणि आधारचा पत्ता दुसरीकडे, अशी आपली घरे. आजारी माणसाला मुलाकडे हलवण्याआधी कागद कोणत्या राज्यात आहेत, ते पाहून ठेवावे.

बहिणींच्या खात्यात

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. वहिनीच्या खात्यात सरकारचे पैसे येतात. मध्य प्रदेशातली लाडली बहना योजना २०२३ मध्ये हजार रुपयांवर सुरू झाली, त्याच वर्षी साडेबाराशे झाले, २०२५ च्या नोव्हेंबरपासून पंधराशे. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मीचे दोन हजार, महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीणचे पंधराशे. यावर राजकारण किती आणि कल्याण किती, हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा, की घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला थेट पैसे पाठवायला सरकारांना येते. यंत्रणा आहे. पैसे येतात ते बहीण म्हणून, लक्ष्मी म्हणून. कुणीतरी चोवीस तास राबतेय म्हणून येत नाहीत.

वहिनी या पंधराशेचे काय करते? डायपर आणते.

भैंसोल्याच्या त्या समारंभातच महिलांच्या आरोग्याचे देशव्यापी अभियानही सुरू झाले होते. गावोगाव शिबिरे झाली. वहिनीला गुडघ्याचे दुखणे आहे, रक्तदाब आहे. ती गेली नाही. आत्यापाशी कोण बसणार?

दूरदेशी

बाहेरच्या देशांची उदाहरणे दिली की आपल्याकडे लगेच म्हणतात, 'त्यांची गोष्ट वेगळी'. वेगळी आहेच. पण त्यांनाही हे एका दिवसात सुचले नाही.

ब्रिटनमध्ये घरच्या आजाऱ्याची आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त सेवा करणाऱ्याला भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला. आज तो आठवड्याला ऐंशी पौंडांच्या वर आहे. मात्र सुरुवातीला लग्न झालेल्या बायकांना तो मिळत नसे. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात! जॅकलिन ड्रेक नावाच्या एका विवाहितेने नोकरी सोडून आपल्या आईला सांभाळले, भत्ता नाकारल्यावर ती भांडत युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. दहा वर्षे लागली. 'तशाही घरीच असतात' हे वाक्य मी मराठीत, कानडीत, हिंदीत, तिन्ही भाषांत ऐकले आहे.

जर्मनीत १९९५ मध्ये शुश्रूषेचा सक्तीचा विमा आला. आजाऱ्याला उचलायला, आंघोळ घालायला, भरवायला किती मिनिटे लागतात, त्यावर मदत ठरे. साहजिकच चालत्या-फिरत्या डिमेन्शियाच्या माणसाला कमी मदत मिळे, अगदी आमच्या त्या खिडकीसारखे. ते २०१७ मध्ये बदलले. मिनिटे मोजणे सोडून माणूस स्वतःचे स्वतः किती करू शकतो ते पाहू लागले, आणि विसराळूपणा शरीराच्या दुबळेपणाच्या बरोबरीने मोजला जाऊ लागला. २०२५ मध्ये तिथे पाचपैकी तिसऱ्या श्रेणीच्या आजाऱ्याला घरच्यांनी सांभाळले तर महिना ५९९ युरो मिळत होते.

जपानने उलटे केले. तिथे २००० साली असाच विमा आला, पण घरच्यांना रोख पैसे द्यायचे नाहीत, असे ठरवून टाकले. मदतनीस पाठवू, दिवसभराची केंद्रे देऊ, पैसे नाही. ही मागणी कंजूष अधिकाऱ्यांची नव्हती. तिथल्या महिला संघटनांचीच होती. त्यांना भीती होती, की चार पैसे हातावर ठेवून सुनेला कायमचे खुंटीला बांधतील. "आता तर पगारही मिळतो, मग कर की!" असे म्हणतील.

मी हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. कारण मीही पैसे द्या, पैसे द्या असेच म्हणत आले होते. शेवटी वहिनीलाच विचारले, तुला काय हवे, पैसे की दिवसाचे पाच तास आत्याला ठेवायला जागा? ती क्षणभरही थांबली नाही. "जागा. मला शाळेत परत जायचंय." आणि मग थोड्या वेळाने, "पण जागा नाही ना देणार कुणी बदनावरमध्ये? मग पैसेच द्या म्हणावं."

माझ्या आतेभावाने हे ऐकले आणि तो उठून बाहेर गेला. तो वाईट माणूस नाही. रात्री दोनला आत्या उठते तेव्हा तोच तिला धरून अंगणात फिरवतो. पण आईच्या आंघोळीला, कपड्यांना तो हात लावू शकत नाही, आणि नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा कुणी सोडायची, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाही नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना वर्षाच्या तीस दिवसांच्या अर्जित रजेतून वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी रजा घेता येते, असे जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले. ती रजा कोणत्याही घरगुती कारणाला असतेच, वेगळी नव्हे. आसामने तर २०१७ मध्ये आईबापांना न सांभाळणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून पैसे कापण्याचा कायदा केला. २००७ च्या केंद्रीय कायद्यातही मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळवून देण्याची सोय आहे. जो सांभाळत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे न्यायाधिकरण आहे. जी सांभाळते तिच्यासाठी अजून वहीच आहे.

दोन सिनेमे

या आजारावर आपल्या दोन्ही भाषांत चांगले सिनेमे आहेत. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' जरूर पाहावा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांचे विस्मरण झालेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत निघून जातात आणि माहुताच्या बायकोकडे पोचतात. अमृता सुभाष यांनी ती भूमिका कानडी बोलीच्या बाजाने केली, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा कानडीतला 'गोधी बण्ण साधारण मैकट्टु', २०१६ चा, अनंत नाग यांचा. दोन्हीत म्हातारा माणूस हरवतो. आत्या दोनदा हरवली तेव्हा माळव्यातल्या त्या रस्त्यावर तिची भाषा कळणारे कुणीही नव्हते. दोन्ही वेळा तिला परत आणणाऱ्यांनी सांगितले, बाई कुठल्यातरी 'मद्रासी' भाषेत बोलत होत्या. आता वहिनीने तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत फोन नंबर कोरलेला बिल्ला ओवला आहे.

सहीचा प्रश्न

शेवटी एक गोष्ट, जी लवकर केलेली बरी. डिमेन्शिया झालेल्या माणसाची सही जाते. आत्याचे निवृत्तिवेतन बँकेत येते, पण चेकवर तिची सही जुळत नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो. तो आता चेहरा दाखवून घरूनही होतो, एवढे सोपे झाले. पण मोठी रक्कम काढायची, ठेव मोडायची, घराचे कागद करायचे, तर पालक नेमावा लागतो. नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात डिमेन्शिया बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जुना कायदा रद्द झाला, तेव्हा त्यातली जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वाटही गेली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे; बाकी प्रसंगी उच्च न्यायालयात जावे लागते. बदनावरच्या माणसाने इंदूर खंडपीठाची पायरी चढायची, बेळगावच्या माणसाने धारवाडची. म्हणून निदान नुकतेच झाले असेल, आजारी माणसाला अजून समजत असेल, तेव्हाच खाते दोघांच्या नावावर करून घ्यावे, वारस नोंदवावा, इच्छापत्र करून घ्यावे. घरात हे बोलणे अशुभ वाटते. आमच्याकडेही वाटले. आता आतेभाऊ बँकेत जाऊन हात जोडतो.

निराश झालेल्यांसाठी दोन फोन नंबर: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मनाच्या आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दुसरा सांभाळणाऱ्यांनीही लावावा. वहिनीने लावला. पलीकडच्या मुलीने वीस मिनिटे ऐकून घेतले, एवढे तरी झाले, म्हणाली.

हा लेख लिहून होत असतानाच तिचा फोन आला. अपंगत्वाच्या मंडळापुढे जायची तारीख मिळाली आहे. येत्या मंगळवारी. या वेळी तिथे मानसोपचारतज्ज्ञही असणार आहेत, इंदूरची सगळी कागदपत्रे लावली आहेत. गाडी ठरवली आहे, आत्याला आवडते ते गूळ-शेंगदाणे डब्यात घेणार आहे.

"ताई, तिथे अंगठा घेतील. मागच्या वेळी आईंनी हात घट्ट मिटून घेतला होता. अंगठा लाव, हे कानडीत कसं म्हणायचं?"

मी सांगितले, "हेब्बट्टु ओत्तु."

"हळू सांगा. लिहून घेते."